विमान टेकेपर्यंत

आमच्या शेजारच्या म्हाळसाअक्कांच्या घरात केर कधी काढायचा, हे एक विमान ठरवायचं. हसायचं तर हसून घ्या. मीही आधी पुष्कळ हसले होते.

मी सायराबानू. माळेगावात कारखान्याजवळच्या आळीत राहते, बायकांचे कपडे शिवते. माझं मशीन ज्या खिडकीखाली आहे, ती खिडकी बरोबर अक्कांच्या मालकांच्या, तात्याबा मारकडांच्या बाहेरच्या खोलीसमोर उघडते. मधे सायकल जाईल एवढाच बोळ. त्यामुळे त्या घरातलं हसणं, भांडणं, फोडणीचा ठसका, सगळं मला आयतं मिळायचं. कान लावायची गरज नव्हती. उलट कान बंद करायची सोय असती तर बरं झालं असतं, असे दिवसही आले.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढू नये, हे आमच्याकडं सगळ्याच बायका म्हणतात. आणि माणूस कोपऱ्यावरून वळलं की केरसुणी हातात घेतात. अक्का तसल्या नव्हत्या. त्यांचं सासर अंथुर्ण्याचं, मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की पुरुष मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे, आणि पहिल्या मुक्कामाला पोचल्याचा सांगावा येईपर्यंत सासू घरात केरसुणी फिरवू द्यायची नाही. मी एकदा कारण विचारलं तर अक्का म्हणाल्या, "अगं, मानूस बी त्याच दारानं जातं आन् केर बी त्याच दारानं. येकामागं येक धाडला तर वाटंला काय कळतंय, कुनाला परत आनायचं त्ये?"

पुढं मेंढरं विकली गेली. तात्या कारखान्यात लागले, साखर शिजवायच्या पॅनवर. मग अक्कांनी तोच नियम कारखान्याला लावला. तात्या सायकलवर टांग टाकून गेले की अक्का ओट्यावर बसायच्या, पाळीचा भोंगा झाला की "पोचले" म्हणून उठायच्या आणि केर काढायच्या. कारखाना हाकेच्या अंतरावर! वाटेत काय वाघ होता का? पण तात्या रिटायर होईपर्यंत या बाईनं भोंग्याआधी केरसुणीला हात लावला नाही.

त्यांना एकच मुलगा, सूरज. हुशार. पुण्यात शिकला, कॉम्प्युटरमधे गेला, आणि दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार म्हणून अमेरिकेत जी पोरं भराभरा बोलावली, त्यात त्याचाही नंबर लागला. सत्त्याण्णवचा दसरा झाल्यावर तो गेला. जाईपर्यंत घरी बसून होता, तेव्हा दिवसभर कॉम्प्युटरवर विमान उडवायचा. छोटं, एका पंख्याचं, दोन-चार माणसं बसतील एवढं. तात्या शेजारी स्टुलावर बसून बघायचे. समोर पडद्यावर काटेच काटे. उंचीचा काटा, वेगाचा काटा, तेलाचा काटा. आयुष्यभर पॅनचे काटे बघितलेला माणूस, तो ते बघतच राहायचा.

सूरज गेला त्या दिवशी अक्कांनी केर काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निरोपाला आलेल्या पाव्हण्यांच्या चपलांची माती, चिवड्याचा चुरा, हारातल्या झेंडूच्या पाकळ्या, सगळं खोलीभर. मी म्हटलं, "अक्का, मुंग्या झाल्यात." म्हणाल्या, "हूं दे." मग फोन वाजला. सूरज पोचला होता. अक्कांनी फोन ठेवला, केरसुणी घेतली आणि खोली झाडता झाडता रडायला लागल्या. एवढा वेळ रडणंसुद्धा धरून ठेवलं होतं बाईनं.

त्यानंतर ते घर एकदम गप्प झालं. अक्कांनी कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल घातला. तात्या पेपर वाचायचे, ओट्यावर बसायचे, परत तोच पेपर वाचायचे. असे कितीतरी दिवस गेल्यावर एकदा त्यांनी तो रुमाल काढला. "पोरानं दावलंय तेवढं बगतो," म्हणाले.

आता या खेळाची गंमत अशी, की तो सुरू केला की विमान आपोआप शिकागोत उभं असायचं. तळ्याच्या काठावर एक लहानशी धावपट्टी, आणि पलीकडं उंच उंच इमारती. आणि सूरजची नोकरी त्याच शिकागोत. जाण्याआधी त्यानं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं, या दोन उंच इमारतींच्या मागं माझं ऑफिस. त्यामुळे तात्यांनी विमान सुरू केलं आणि सहज हाक दिली, "म्हाळसा, सूरजच्या गावाला निगालो गं!"

अक्का आत केर काढायच्या बेतात होत्या. तशाच बाहेर आल्या. "निगालात? मंग आदी सांगायचं न्हाय व्हय?" आणि केरसुणी दाराआड ठेवून दिली.

त्या दिवशी तात्यांनी विमान तळ्यात घातलं.

मग दोघांची जी जुंपली! अक्कांना एकच कळत नव्हतं, विमान बुडालं तर माणूस पोचलं धरायचं का नाही? तात्या म्हणाले, "आगं, मी हितंच हाय की खुर्चीत." अक्का म्हणाल्या, "तुमी हितं हाय, पर निगालो म्हनून कोन वरडलं?" शेवटी ठरलं की नीट उतरल्याशिवाय पोचलं धरायचं नाही. आणि तात्यांना काही नीट उतरता येईना. कधी तळं, कधी धावपट्टीच्या पुढचं गवत, एकदा तर थेट इमारतीत. "ही आपल्या सूरजच्या हापिसाची न्हाय ना?" अक्का घाबरून विचारत होत्या. त्या काळात त्यांच्याकडं गेलं की पायाला माती लागायची. आळीतल्या बायका म्हणायला लागल्या, पोरगं गेल्यापासून म्हाळसाला काम होत नाही. मी काय सांगणार? विमान पडतंय म्हणून?

आणि मग एक दिवस मी ब्लाऊजच्या बाहीला टीप मारत होते, तर खिडकीतून आरोळी आली, "टेकलं!" माझी सुई वाकडी गेली. बघते तर तात्या खुर्चीतून उठून उभे, आणि अक्का पदर खोचून केर काढतायत, अशा तोऱ्यात की जणू लक्ष्मीपूजनाची तयारी.

तेव्हापासून रोजचं झालं. सकाळची कामं आटपली की तात्या "निगालो" म्हणायचे, आणि पुढं केव्हातरी "टेकलं!" ऐकू आलं की पाठोपाठ केरसुणीचा आवाज. आमच्या घड्याळापेक्षा ते बरं चालायचं. वीज गेली की मात्र पंचाईत. पडदा काळा, विमान वर का खाली कळायचं नाही, आणि अक्का केरसुणीजवळ ताटकळत. मग सूरजनं फोनवर एक युक्ती सांगितली. विमान हवेत असताना आहे तिथं जपून ठेवता येतं. नंतर उघडलं की तेच आभाळ, तीच उंची, टाकीत तेवढंच तेल. तात्या मग मधेमधे विमान जपून ठेवायला लागले, दुधावर झाकण ठेवावं तसं.

उडवायचे मात्र फार सुंदर. घाई नाही, उगीच गिरक्या नाहीत. तळ्यावरून खाली खाली यायचे, पंख जरासा कलवायचे, मावळतीचं ऊन इमारतींच्या काचांवरून सरकत जायचं. मी एकदा शिवण टाकून बघत बसले होते तर म्हणाले, "सायरा, मेंढरं आन् हे सारकंच बग. वडायचं न्हाय. नुसतं आपुन कुनीकडं जायाचं त्ये दावायचं, मंग त्येचं त्ये वळतंय." लहानपणी ते कोकणापर्यंत चालत गेले होते. चालणाऱ्याला पुढची वाट तेवढी दिसते, म्हणाले, आणि इथं सगळा मुलूख एकदम दिसतो. हे सांगताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

अक्का कधी कधी केरसुणी मांडीवर घेऊन शेजारी स्टुलावर बसायच्या. एकदा विचारलं, "सूरज दिसतुया का?"

"मानसं न्हाईत गं यात. नुसत्या इमारती."

"येवड्या मोठ्या गावात येक बी मानूस न्हाय?"

"न्हाय."

अक्का बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग पोरगं जेवतंय कुनाजवळ?"

खेळात माणसं नसतात एवढंच खरं, हे मला कळत होतं, तात्यांनाही कळत होतं. पण तो प्रश्न काही खेळापुरता नव्हता. सूरजचा फोन रविवारी यायचा. आधी खूप बोलायचा, मग थोडं, मग "बरंय ना सगळं?" आणि ठेवायचा. पुढच्या दिवाळीला येतो म्हणाला होता, आला नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ पोरांची विमानं आमच्या आळीवरून घरघरत जायची. अक्का वर बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्येच्या आयनं आजून केर काढला नसंल बग." 

नव्व्याण्णव सालच्या थंडीत, उसाचा हंगाम जोरात असताना, अक्का गेल्या. तात्या विमानात होते. आतून अक्कांनी विचारलं, "टेकलं का?" तात्या म्हणाले, "आजून न्हाय." हे दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकलं. मग बराच वेळ काही नाही. नंतर तात्यांनी विमान जपून ठेवलं आणि चहाचं बघायला आत गेले. अक्का दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या, केरसुणी शेजारी. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. तात्यांनी मारलेली हाक मला अजून ऐकू येते. मी बोळ ओलांडून कशी गेले ते आठवत नाही.

तिरडी उठली, आळीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तसं तात्यांच्या बहिणीनं, कुशाबाईनं, केरसुणी घेतली आणि घर झाडायला सुरुवात केली. तसा रिवाजच असतो. गेलेलं माणूस मागं फिरू नये म्हणून लगेच झाडायचं, पाणी टाकायचं. सगळीकडं करतात, कुशाबाईचं काही चुकलं नाही. पण अक्कांच्या घरात, माणूस नुकतंच बाहेर पडलेलं आणि मागं केरसुणीचा तो सपसप आवाज, मला सहन होईना. मी घरी येऊन खिडकी लावून घेतली.

तात्या स्मशानातून आले आणि उंबऱ्यातच थांबले. जमीन ओली, स्वच्छ.

"केर कुनी काढला?"

"काढावाच लागतुया, दादा," कुशाबाई म्हणाली.

"ती पोचली कुठं आजून?"

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून सगळ्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

सूरज आला तेव्हा राख सावडायची तेवढी राहिली होती. पोरगं खूप रडलं. वाईट नव्हताच तो कधी, लांब होता. सगळे दिवस उरकेपर्यंत राहिला, आणि जाताना तात्यांना म्हणाला, "आबा, चला माझ्याबरोबर. इथं एकटे काय करणार?" तात्या म्हणाले, "तितं मानसं न्हाईत." त्याला वाटलं आबा गंमत करतायत. तो हसला, त्यांच्या पाया पडला आणि गेला.

तो पोचल्याचा फोन आला. तरी तात्यांनी केर काढला नाही. मी रोज भाकरी-कालवण नेऊन द्यायची, रोज बघायची. धूळ साठत चालली. कारखान्याच्या धुराड्यातली काळी कणी खिडकीतून यायची, तीही तशीच. शेवटी मला राग आला. अक्कांचं घर हे, आणि काय अवस्था केली या माणसानं! मी दाराआडची केरसुणी उचलली.

"ठिव ती," तात्या म्हणाले. "इमान वर हाय."

मी पडद्याकडं बघितलं. तळ्यावर मावळतीचं ऊन, समोर इमारती. अक्का गेल्या त्या दिवशी जपून ठेवलेलं तेच विमान. तात्या रोज ते उघडायचे, थोडं उडवायचे आणि पुन्हा हवेतच ठेवून द्यायचे. उतरवतच नव्हते.

"तात्या, खेळनं हाय ते," मी ओरडलेच.

"व्हय. खेळनंच हाय." त्यांचा आवाज शांत होता. "पर मी कामावर जायाचो तवा ती थांबायची का न्हाय?"

"थांबायची."

"सूरज गेला तवा?"

"थांबली."

"जलमभर समद्यांसाठी थांबली. आन् ती निगाली तर तिच्यासाठी कोन थांबलं गं? वळनावर बी गेली नव्हती, तवर केर काढला."

मी केरसुणी ठेवली आणि घरी येऊन मशीनवर बसून रडले. राजमहंमद, माझे मालक, म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "शेजारचं विमान उतरत नाहीये." त्यांनी मला पाणी दिलं आणि पुढं काही विचारलं नाही. भला माणूस आहे.

पण विमान म्हटलं की तेल आलं. तेलाचा काटा रोज केसभर खाली यायचा. तात्यांना तो दिसत होता, काट्यातलं त्यांना कुणी शिकवायला नको. मग त्यांनी उडवणं कमी केलं. आधी तळ्याला पूर्ण फेरी व्हायची, मग अर्धी, मग नुसतं उघडून थोडं सरळ जायचं आणि ठेवायचं. कढत चहा पुरवून पुरवून प्यावा तसं. रविवारी सूरजला फोनवर म्हणाले, तेल संपत आलं. तो म्हणाला, "आबा, त्यात सोय आहे. एक खूण केली की तेल कधी संपतच नाही." मला वाटलं झालं, आता हा माणूस मरेपर्यंत वरच राहणार. तात्यांनी वळून पडद्याकडं बघितलं. मग म्हणाले, "नको. कवा तरी पोचाय पायजे की."

हंगाम संपत आला होता. कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या विरळ झाल्या होत्या. एका सकाळी खिडकीतून हाक आली, "सायरा, मोकळी हायीस का? जरा येऊन बस." अंथुर्ण्याहून कुणाला बोलावलं नाही, सूरजला फोन केला नाही. मला बोलावलं. मी हातातलं कापड तसंच टाकून गेले.

पडद्यावर तेलाचा काटा तळाला टेकला होता. तात्यांनी मला अक्कांच्या स्टुलावर बसायला सांगितलं. मी बसले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, उठून दाराआडची केरसुणी आणली आणि मांडीवर घेतली. तात्यांनी बघितलं. विमान सुरू केलं.

ते इमारतींवरून एकदा गेले, सूरजच्या ऑफिसावरून, हळू. मग तळ्यावर वळले. मधेच इंजिन खोकल्यासारखं झालं आणि थांबलं. समोरचा पंखा थांबला. एवढी शांतता त्या घरात तिरडी उठल्यावरसुद्धा नव्हती. मी घाबरून म्हटलं, "तात्या, पडतंय का?" ते म्हणाले, "न्हाय. आता नुसतं यायाचं." विमान आवाज न करता खाली येत राहिलं. पाणी जवळ आलं, काठ आला, धावपट्टी आली. चाकं कुईं करून लागली. थोडं पळालं आणि मधोमध उभं राहिलं.

मी वाट बघत होते. "टेकलं" म्हणतील, मग मी उठेन. ते म्हणेचनात. त्यांचे हात अजून कळांवर होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. पुसायचं भानच नव्हतं त्यांना.

शेवटी मीच विचारलं. अक्का विचारायच्या तसं, आतल्या दाराकडं तोंड करून.

"टेकलं का?"

"व्हय," तात्या म्हणाले. "झाड आता, सायरा. पोचली ती."